तीन बोटांची रेघ

फक्कीमामांसमोर ‘लाइन’ हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. एखादं पोरगं चुकून म्हणालंच, “मामा, लाइनवर पाय पडला तर काय होतं?” की मामा हातातला डबा खाली ठेवायचे, कमरेवर हात द्यायचे आणि विचारायचे, “कशावर? रेघेवर की रेघेच्या कडेवर?” पोराला वाटायचं, कुठून अवदसा आठवली आणि विचारलं! पण मामा एकदा सुरू झाले की सोडायचे थोडेच. “रेषा वहीत असते, रेघ मैदानात. रेषेला जाडी नसते असं तुमचे गणिताचे सर सांगतात, त्यांचं खरं असेल. पण रेघेला असते बाबा! चांगली तीन बोटं असते. आणि मैदानावरची सगळी भांडणं त्या तीन बोटांत राहतात.”

मग पुढचा पाढा. काठ पाण्याला, कड पलंगाला, किनार रुमालाला, धार सुरीला, उंबरठा घराला आणि हद्द शेजाऱ्याला. एकाचं नाव दुसऱ्याला लावायचं नाही. हे सगळं ऐकत त्यांची बायको शेजारी बसून खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे शिवत असायची. ती दोरा दातानं तोडून म्हणायची, “आणि अंत तुमच्या बोलण्याला नाही.”

मामा शाळेच्या मोठ्या मैदानावर तीस वर्षं रेघा मारत होते. गवत कापणं, पाणी मारणं, जाळी बांधणं हीसुद्धा त्यांचीच कामं, पण जीव रेघेत. चुन्याची भुकटी, म्हणजे फक्की, त्यांच्या नखांत, भुवयांत, चपलेच्या शिवणीत कायमची बसलेली, म्हणून नाव फक्कीमामा. खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि तिथंच पडून होतं.

आता रेघ मारायची म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. पण फुटबॉलात चेंडू रेघेवर असला तर तो आत, आणि गोळाफेकीत गोळा रेघेवर पडला तर तो बाहेर. तीच फक्की, तेच मैदान, पण एकीकडे रेघ आतल्यांची, दुसरीकडे बाहेरच्यांची! धावण्याच्या सुरुवातीची रेघ तर त्याहून वरचढ. धावणाऱ्यानं बोटं रेघेच्या मागं टेकायची. रेघेला बोट लागलं की चूक. म्हणजे शर्यत सुरू होते ती रेघेच्या मागच्या कडेपासून, आणि रेघ स्वतः पळायच्या अंतरात धरलेली असते.

चारशे मीटरची शर्यत म्हणजे मैदानाला एक पूर्ण फेरा. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, म्हणून प्रत्येक लेनची सुरुवातीची रेघ वेगळी, एकीच्या पुढं दुसरी. सहा लेन, सहा रेघा. मामा फितीनं मोजून प्रत्येक लेनच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंटी ठोकायचे आणि खुंट्यांना दोरी बांधायचे. ती दोरी म्हणजे मागची कड. मग दोन पट्ट्यांची एक चौकट होती, मधे बरोबर तीन बोटांची फट असलेली. ती दोरीला टेकवून पुढच्या बाजूला ठेवायची, फटीत चाळणीनं फक्की चाळायची आणि चौकट उचलायची. रेघ तयार. दोरी सोडायची, खुंट्या मात्र स्पर्धा संपेपर्यंत तशाच.

पुढची बाजू कुठली, हा विचार मामा करत नसत. त्यांचा नियम ठरलेला होता: ट्रॅकच्या आतल्या बाजूला बसायचं, तोंड बाहेर करायचं, आणि चौकट डाव्या हाताला. आतून बघितलं की धावणारे डावीकडेच जातात, त्यामुळे डावा हात म्हणजे पुढं. तीस वर्षांत हा नियम चुकला नव्हता. चुकणार कसा? घास तोंडात घालताना तोंड कुठं आहे ते आपण शोधतो का!

घरी माणसं तीन. मामा, मामी आणि त्यांची नात भिंगरी. तिचे आईबाप लांबच्या एका कारखान्यात कामाला, वर्षातून दोनदा यायचे. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून आजीआजोबांकडेच वाढली. भिंगरी हे नाव मामींनी ठेवलं, कारण ती घरात चालायचीच नाही. पाणी आण म्हटलं की पळत, दार लाव म्हटलं की पळत. मैदानाच्या कडेला वाढलेली पोर पळणार नाही तर काय करणार? आता पंधराची झाली होती आणि चारशे मीटर पळत होती.

यंदाची स्पर्धा साधी नव्हती. पहिल्या दोन मुलींना क्रीडा वसतिगृहात घेणार होते. तिथं खरा ट्रॅक, खरे प्रशिक्षक, शिक्षण आणि राहणं. गेल्या वर्षी भिंगरी तिसरी आली होती आणि आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुढच्या वर्षी वय अटीबाहेर जाणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मामी आकडे शिवताना पुटपुटायच्या, मामा फक्की चाळताना. पुटपुटणं दोघांचं एकच होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मामा सुरुवातीच्या रेघा मारत होते. पहिल्या चार झाल्या. पाचवीची दोरी बांधली आणि फक्कीचा डबा भरायला ते खोलीकडे गेले. परत आले तर त्यांच्या जागेवर, ट्रॅकच्या आतल्या बाजूला, भिंगरी मांडी घालून बसलेली. मांडीवर आईनं पाठवलेले नवे खिळ्यांचे बूट.

दुसरं कुणी असतं तर मामांनी हाकललं असतं. नातीला काय हाकलणार? ते आपले दोरीच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला, तिच्यासमोर बसले.

“काय गं, पाय दुखतोय?”

“नाही. आजोबा, मी निवडले गेले तर तुम्हाला चालेल ना?”

“चालेल म्हणजे? हा काय प्रश्न झाला?”

“मग आजीला डोळ्यात दोरा ओवून कोण देणार?”

“सुईत,” मामा म्हणाले. “डोळ्यात ओवलास तर आजी आंधळी होईल.”

पोरगी हसली, पण लगेच खाली बघायला लागली. “आणि नाही निवडले गेले तर?”

मामांनी चौकट डाव्या हाताला ठेवली, फक्की चाळली. “घोडामैदान जवळच आहे. उद्या कळेल. आजपासून कशाला रडायचं?” ते म्हणाले. चौकट उचलली. रेघ झाली होती पांढरीशुभ्र, सुरेख. मामा गुडघ्यावर हात टेकून उठले, आत आले आणि सहावी रेघ आपल्या नेहमीच्या जागेवर बसून मारली. भिंगरी बूट छातीशी धरून घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेनसाठी चिठ्ठ्या काढल्या. भिंगरीला तिसरी लेन आली. पाचवी आली टोळला. टोळ म्हणजे इस्त्रीवाल्या बाईंची मुलगी. अंगावर मांस नाही, नुसते पाय, म्हणून टोळ. इस्त्रीवाल्या बाई गरम इस्त्री शेजारणीच्या हवाली करून आल्या होत्या आणि कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

शर्यतीचं काय सांगू? पहिली आलेली मुलगी बाहेरगावची होती, ती सगळ्यांच्या पुढं दहा पावलं निघून गेली. खरी झटापट दुसऱ्या जागेसाठी. शेवटच्या सरळ पट्ट्यात भिंगरी आणि टोळ खांद्याला खांदा लावून आल्या. मामी डोळे मिटून उभ्या होत्या. मामा शेवटच्या रेघेपाशी होते, पण त्यांना काही दिसलं नाही, कारण डोळ्यात पाणी आलं होतं. दोघींनी छाती एकदमच पुढं टाकली.

पंचांची दहा मिनिटं खलबतं चालली. दोन घड्याळांत वेळ सारखीच. तिघा पंचांपैकी दोघे म्हणाले, भिंगरीची छाती बोटभर पुढं होती. खेळाचे मास्तर म्हणजे मुख्य पंच. त्यांनी कर्णा तोंडाला लावून निकाल सांगितला. दुसरी भिंगरी, तिसरी टोळ. मामी मटकन खालीच बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. टोळ कुंपणापाशी आईच्या पोटात डोकं खुपसून उभी होती, आणि इस्त्रीवाल्या बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, कापडावरून फिरवावा तसा, पुन्हा पुन्हा एकाच जागी.

पाचच्या सुमाराला मैदान रिकामं झालं. मामांच्या अंगात आज विशीतलं बळ होतं. शीळ घालत ते खुंट्या उपटायला निघाले. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या लेनच्या खुंटीला हात घातला आणि शीळ थांबली.

रेघ खुंटीच्या मागं होती.

बाकीच्या पाच ठिकाणी रेघ खुंटीच्या पुढं, इथं मागं. मामा आधी वाकून बघू लागले, मग गुडघ्यावर बसले, मग पोटावर झोपून एक डोळा मिटून बघितलं. काल ते बाहेरच्या बाजूला बसले होते. बाहेर बसलं की डावा हात मागं येतो. इतकी सोपी गोष्ट, आणि इतका जाणता माणूस! टोळनं रेघेच्या मागं बोटं टेकली होती, सगळ्यांसारखीच. फक्त तिची रेघच तीन बोटं मागं होती. ती पोर सगळ्यांपेक्षा तीन बोटं जास्त पळाली होती आणि बोटभर मागं पडली होती.

मामांचा हात खुंटीवरच होता. ओढली असती की काम फत्ते. फक्कीवर दोन बादल्या पाणी, आणि या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. शेवटी हात काढला, खुंटी तशीच ठेवली आणि घरी आले.

घरी भिंगरीनं पिशवी भरायला घेतली होती. वसतिगृहात काय काय लागतं त्याची यादी तिनं आधीच करून ठेवली होती, आणि यादीत ‘आजीचं बोट’ असंही लिहिलं होतं, कारण झोपताना तिला आजीचं बोट धरायची सवय. मामी वाचून वाचून हसत होत्या. मामांनी हात धुतले, ताटावर बसले आणि पहिलाच घास चिवडत राहिले.

भिंगरी शेजारच्या मैत्रिणीला बातमी सांगायला गेली, तेव्हा मामींनी भांडी घासता घासता विचारलं, “काय झालंय?”

“कुठं काय?”

“अहो, चाळीस वर्षं झाली. काय झालंय ते बोला.”

मामांनी सांगितलं. खुंटी, चौकट, डावा हात, सगळं. मामींनी भांडं खाली ठेवलं. नळ वाहतच होता.

“कुणी बघितलं?”

“कुणी नाही.”

“मग गप्प बसा,” मामी म्हणाल्या. “पंचांनी निकाल दिलाय. तुम्ही काय मुद्दाम केलं? चिठ्ठ्या तर आज निघाल्या. ती लेन भिंगरीलाच आली असती म्हणजे?”

“आली असती तर मी काय केलं असतं?” मामांनी विचारलं. “तर मी मास्तरांकडे धावत गेलो असतो ना? ओरडत गेलो असतो की माझ्या नातीवर अन्याय झाला.”

मामींनी नळ बंद केला, हात पुसले, आणि एकदम भडकल्या. नवऱ्यावर की देवावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “जन्मभर शब्दांचा कीस पाडलात! काठ वेगळा न् कड वेगळी! आता सांगा ना, ह्याला काय म्हणायचं?”

“चूक,” मामा म्हणाले.

“वसतिगृहाच्या निवडीची यादी कधी जाणार आहे?”

“उद्या सकाळी दहाला. मास्तरांची सही झाली की.”

“आणि दहानंतर? साडेदहाला त्याच चुकीला काय म्हणायचं?”

मामी पदरानं डोळे पुसत आत निघून गेल्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांना आत गेल्यावर कळलं असावं, कारण मग आतून हुंदका आला.

भिंगरी परत आली तेव्हा मामा दारातच बसले होते. मास्तरांना सांगण्याआधी तिला सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, तरी त्या दिवशी त्यांनी आधी हवापाण्याच्या चार गोष्टी केल्या. मग सांगितलं. पोरगी उभ्या उभ्या ऐकत होती.

“मी काय केलं त्यात?” ती म्हणाली.

“तू काहीच नाही केलंस. तू पूर्ण पळालीस, एक बोटसुद्धा कमी नाही.”

“मग माझं का जातंय?”

तीस वर्षं प्रत्येक पोराच्या प्रश्नाला ते उत्तर देत आले होते, विचारलं त्याच्या दुप्पट देत आले होते. या एकाच प्रश्नाला नव्हतं.

“तुम्ही दुसऱ्या कुणाचे आजोबा असता तर बरं झालं असतं,” भिंगरी म्हणाली आणि आत जाऊन तिनं पिशवी उलटी केली. कपडे, रुमाल, यादी सगळं जमिनीवर पडलं. रात्री ती आजीजवळ झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा मास्तरांच्या दारात उभे. मास्तर दात घासत बाहेर आले. सगळं ऐकून घेताना त्यांच्या तोंडातला फेस सुकला.

“मामा, तुम्हाला वेड लागलंय का?” मास्तर म्हणाले. “आक्षेपाची मुदत निकालानंतर अर्धा तास. ती काल संपली. नियम आहे. तुम्ही घरी जा, मी हे ऐकलंच नाही.”

बघा म्हणजे! दार उघडं होतं. नियमानंच उघडून दिलेलं दार, आणि तेही मुख्य पंचांच्या तोंडून. दुसरा कुणीही त्यातून निघून गेला असता आणि शांत झोपला असता. मामा दोन पावलं वळलेही. मग थांबले.

“मास्तर, मुदत आक्षेपाला असते. आक्षेप दुसऱ्यावर घेतात. मी माझी चूक सांगायला आलोय. तिला मुदत आहे का ते नियमात बघा.”

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि चूळ भरली. “आपलेच दात, आपलेच ओठ,” ते पुटपुटले. “तुमची नात आहे हो ती.”

“म्हणून तर लवकर आलो. दहापर्यंत थांबलो असतो तर आलो नसतो.”

मास्तर मैदानावर आले, खुंटी बघितली, फीत लावली, डोक्याला हात लावला. मग इतर पंचांना बोलावणं गेलं. काय करायचं यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी ठरलं की दोघींनी पुन्हा पळायचं, फक्त दोघींनी, सकाळी नऊ वाजता. सुरुवातीच्या रेघा मास्तर स्वतः मारणार. मामांनी चौकट आणि चाळणी त्यांच्या हातात दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मैदानावर दुसऱ्यानं रेघ मारली, आणि ती वाकडी आली.

इस्त्रीवाल्या बाई टोळला घेऊन धावत आल्या. पोरीला सगळं नीट कळलं होतं की नाही कोण जाणे, पण तिचा चेहरा असा उजळला होता की बघवत नव्हता. भिंगरीही आली. बूट घातलेले, डोळे सुजलेले. आजोबांकडे न बघता ती रेघेपाशी गेली आणि वाकून बोटं टेकली.

शिट्टी वाजली. पहिलं वळण दोघी बरोबरीनं होत्या. लांबच्या बाजूला भिंगरी थोडी पुढं गेली आणि मामांच्या मनात आलं, देवा, आता होऊ दे, मी माझं सांगून टाकलंय, आता तुझी पाळी! पण देवाला असली देवाणघेवाण कुठं कळते? शेवटच्या वळणावर टोळनं तिला गाठलं, आणि सरळ पट्ट्यात ती अशी सुटली की बघणाऱ्यांनाही दम लागला. दोन पावलांनी जिंकली. चांगली दोन पावलं, पंचांना भांडायला जागाच नाही.

न्याय झाला का? मला विचाराल तर सांगता येणार नाही. एक पोर रात्रभर रडलेली, दुसरीला सकाळी उठल्या उठल्या स्वर्ग दोन बोटं उरलेला. यांची शर्यत ती काय शर्यत! निकाल लागला, एवढं खरं. दहा वाजता मास्तरांनी यादीवर सही केली.

इस्त्रीवाल्या बाई मामांपाशी आल्या. हात जोडायला लागल्या, तर मामांनी त्यांचे हात खाली केले. “अहो, उलटं करू नका,” ते म्हणाले. “तुमच्या पोरीचं मीच घालवलं होतं.”

शाळेच्या समितीनं मामांना कामावरून काढलं नाही, पण पत्र आलं: यापुढं प्रत्येक रेघ दुसऱ्या माणसानं तपासावी. मामांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. त्यांना ते लागलं, खूप लागलं, पण त्याचं घरात कुणी ऐकून घेईल अशी परिस्थिती नव्हती. भिंगरी बोलत नव्हती. शाळेत जायची, यायची, आजीच्या सुईत दोरा ओवून द्यायची, आणि मामा खोलीत आले की उठून जायची. नवे बूट माळ्यावर गेले. सगळ्यात वाईट म्हणजे ती घरात चालायला लागली. पाणी आण म्हटलं की चालत, दार लाव म्हटलं की चालत. मामींना ते बघवेना. त्या मामांवर चिडायच्या आणि मग त्यांच्याच ताटात जास्त वाढायच्या.

असा एक महिना गेला. मग लहान मुलांच्या स्पर्धा आल्या. आदल्या दिवशी मामा सकाळपासून मैदानावर होते. रेघ तपासायला समितीनं जो माणूस नेमला होता तो एकदाही आला नाही, तसा तो येणारही नव्हता. असली कामं कागदावरच होतात. मामांनी खुंट्या ठोकल्या, पहिल्या लेनची दोरी बांधली आणि आतल्या बाजूला आपल्या जागेवर बसले. चौकट हातात घेतली, पण खाली ठेवेनात. डावा हात पुढं करायचे आणि थांबायचे. तीस वर्षं न विचारता चालणारा हात आता प्रत्येक वेळी विचारत होता.

पाठीमागून पावलं आली, चालत नव्हे, पळत. मामांनी मान वळवली नाही. भिंगरी आली, त्यांना वळसा घालून दोरीच्या पलीकडे गेली आणि समोर, बाहेरच्या बाजूला बसली.

“तपासायला कुणी लागतं ना?” ती म्हणाली. आवाज बसलेला. महिनाभर न वापरलेला.

“पत्रात तसं आहे.”

“त्या दिवशी मी तुमच्या जागेवर बसले होते.”

म्हणजे हे पोरीच्या पोटात होतं महिनाभर! ती आजोबांवर रागावली होतीच, पण त्याच्याखाली हे दुसरं घेऊन हिंडत होती, आणि त्यांना वाटत होतं नुसता राग आहे. “जागा माझी होती, तर उठवायचं काम माझं होतं,” ते घाईघाईनं म्हणाले. “तू नुसती बसली होतीस. बसणं वेगळं आणि चुकणं वेगळं. ऐकतेस ना? ते एकाच नावानं म्हणायचं नाही.”

भिंगरीनं नाक पुसलं. मग चौकटीकडे हात केला. “चौकट डाव्या हाताला ना?”

“हो.”

“तुमच्या डाव्या की माझ्या?”

मामा तिच्याकडे बघत राहिले. ती समोर बसलेली, हात पुढं केलेला, आणि तिचा डावा हात त्यांच्या उजव्यासमोर. तीस वर्षं ज्या नियमावर त्यांचं सगळं उभं होतं, तो फक्त ते एका जागी बसले होते म्हणून खरा होता.

“दोघांच्याही नाही,” ते म्हणाले. “पोरं पळणार आहेत त्या बाजूला.”

भिंगरीनं मान वळवून वळणाकडे बघितलं, जिकडे उद्या पोरं पळणार होती तिकडे. मग चौकट त्यांच्या हातातून घेतली, दोरीच्या पुढं नीट टेकवून धरली आणि म्हणाली, “चाळा.”